मसुद्यावरच्या आमच्या हरकती गेल्या कुठे?

पत्राचा गोषवारा: हवामानबदलाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका लहान, बिनपैशाच्या नागरिक गटात एक वाचक भगिनी काही वर्षांपासून सक्रिय आहेत. नव्या तेल-वायू क्षेत्रांना परवाने देण्यासंबंधीच्या धोरणाचा मसुदा सरकारने हरकती-सूचनांसाठी खुला केला, तेव्हा या गटाने अभ्यास करून मुद्देसूद निवेदन दिले, सह्या गोळा केल्या आणि मोर्चाही काढला. अंतिम धोरण जाहीर झाले, तेव्हा त्यातील काही वाक्ये तेल कंपन्यांच्या संघटनेच्या निवेदनातून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली त्यांना आढळली. गटाच्या एकाही मुद्द्याचा त्यात मागमूस नव्हता. आता गटात फूट पडण्याची वेळ आली आहे. तरुण सदस्य म्हणतात, निवेदने पुरे झाली, रस्ते अडवू या. ज्येष्ठांना त्याची धास्ती वाटते. त्यात भर म्हणजे या भगिनींचे भावोजी तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरीला आहेत आणि ‘तुम्हीही पेट्रोलच जाळता, मग विरोध कोणत्या तोंडाने करता?’ असे ते घरच्या बैठकीत सर्वांदेखत विचारतात. त्यांचा प्रश्न असा आहे: सरकार विकलेच गेले असेल, तर या धडपडीला अर्थ काय? रस्त्यावर उतरावे, की गट सोडून द्यावा?

उत्तर:

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलीच नाही; ती तक्रारीच्या ओघात येऊन जाते. अंतिम धोरणातील काही वाक्ये कंपन्यांच्या संघटनेच्या निवेदनाशी जवळजवळ शब्दशः जुळतात, हे तुमच्या लक्षात आले. बहुतेक नागरिक गट निवेदन देतात, पोच घेतात आणि निकालाची बातमी वर्तमानपत्रात वाचतात. दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीने वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. तुम्ही ते घेतलेत, आणि त्यातून जे हाती लागले ते तुम्हाला पराभवाचा पुरावा वाटते आहे. माझ्या मते गटाकडे आजवर आलेला तो सर्वांत उपयोगी कागद आहे, आणि या उत्तराचा बराचसा भाग त्याचे काय करायचे याविषयी आहे.

त्याआधी ‘सरकार विकले गेले आहे’ या विधानाविषयी थोडे बोलले पाहिजे. संतापाच्या भरात ते तोंडून निघणे स्वाभाविक आहे, परंतु गटाची पुढची आखणी त्यावर बेतली तर ती फसेल. जे एकदा विकत घेतले ते राखण्यासाठी कोणी रोज दाराशी माणसे उभी करत नाही. तेल उद्योग मात्र करतो. दुबईत २०२३ मध्ये भरलेल्या कॉप-२८ या हवामान परिषदेचे अध्यक्षपदच अबूधाबीच्या सरकारी तेल कंपनीच्या प्रमुखांकडे होते, आणि तरीही खनिज इंधन उद्योगाशी संबंधित २,४५६ जणांना त्या परिषदेची प्रवेशपत्रे मिळाली होती, अशी मोजदाद ‘किक बिग पोल्युटर्स आउट’ या आघाडीने केली. यजमान आपला, अध्यक्षही आपल्यातला, आणि तरी एवढी माणसे पाठवावी लागतात, याचा अर्थ निर्णय कोणत्या बाजूला झुकेल याची खात्री त्यांनाही नसते.

या उद्योगाचा इतिहास हेच सांगतो. एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या एका शास्त्रज्ञाने खनिज इंधनांमुळे पृथ्वीचे तापमान वाढण्याचा धोका १९७७ मध्येच आपल्या वरिष्ठांसमोर मांडला होता. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात केलेली तापमानवाढीची भाकिते २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील एका अभ्यासात तपासली गेली, तेव्हा त्यांपैकी ६३ ते ८३ टक्के भाकिते अचूक ठरल्याचे दिसले. तेल, कोळसा आणि मोटार कंपन्यांनी १९८९ मध्ये उभारलेल्या ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ या आघाडीच्या तंत्रज्ञांनीही १९९५ च्या अंतर्गत टिपणात हरितगृह परिणामाचा वैज्ञानिक पाया नाकारता येण्याजोगा नाही, असे लिहून ठेवले होते. घरात एवढी स्पष्टता असताना अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संघटनेच्या छत्राखाली १९९८ मध्ये जी कृतियोजना तयार झाली, तिच्यात विजयाची व्याख्या काय होती? सर्वसामान्य नागरिकाला हवामानशास्त्रातील ‘अनिश्चितता’ पटली की आपण जिंकलो, ही. त्या योजनेने मंत्र्यांइतकेच, किंबहुना अधिकच, तुमच्या मोहल्ल्यातल्या माणसाला महत्त्व दिले होते. तुमच्या मोर्चाची किंमत तुमच्यापेक्षा तुमच्या विरोधकांना जास्त कळते, असे म्हटले तरी चालेल.

मग पाणी मुरते कुठे? लाच हे एक उत्तर असू शकते, परंतु बहुतेक वेळा तिची गरजच पडत नाही. ऊर्जा खात्यातील जो अधिकारी मसुदा लिहायला बसतो, त्याला साठा किती, उत्पादनखर्च किती, पाइपलाइन कोठून जाईल, किती मनुष्यबळ लागेल ही माहिती हवी असते, आणि ती पुरवू शकेल असा एकच पक्ष त्याच्या फोनच्या यादीत असतो. अर्थखात्याला इंधनावरील करांची आणि उत्खननाच्या स्वामित्वधनाची सवय जडलेली असते. अनेक देशांत तेल कंपनीच सरकारी मालकीची असते, म्हणजे नियम करणारा आणि नियम पाळणारा एकाच घरातले. सल्लागार समितीवर तज्ज्ञ म्हणून उद्योगातली निवृत्त मंडळी येतात, खात्यातले निवृत्त अधिकारी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर जातात, आणि दोन्हीकडच्या लोकांना आपण काही गैर करतो आहोत असे प्रामाणिकपणे वाटत नाही. या सगळ्यातून शेवटी बदलते ते वाक्य. ‘बंधनकारक राहील’ असे होते तेथे ‘व्यवहार्य असेल तेथे करावे’ येते, मुदतीच्या वर्षाआधी ‘शक्यतो’ येऊन बसते, उत्सर्जनाच्या मोजणीतून एखादा घटक तळटीपेत वगळला जातो. याची बातमी होत नाही; कोट्यवधी टनांचा फरक मात्र तेवढ्यानेच पडतो.

जाहीर भूमिकांवर तर विसंबूच नये. एक्सॉनमोबिलच्या वॉशिंग्टनमधील एका वरिष्ठ दबावकर्त्याचे गुप्तपणे चित्रित केलेले संभाषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपनी कार्बन करास पाठिंबा देते, कारण तो कर कधी लागू होणारच नाही हे तिला ठाऊक आहे, अशा अर्थाचे त्याचे बोलणे त्यात होते. कंपनीच्या प्रमुखांना त्याबद्दल माफी मागावी लागली. म्हणून एखादी कंपनी ‘हवामान कृती’च्या बाजूने बोलते की नाही हे पाहण्याऐवजी तिने आणि ती ज्यांची सभासद आहे त्या संघटनांनी कोणत्या मसुद्यातील कोणत्या कलमावर काय लिहून दिले, हे पाहावे. कित्येकदा कंपनी स्वतः गोड बोलते आणि कडवे काम संघटनेकडून करून घेते.

आता तुमच्या गटाच्या निवेदनाकडे येऊ. माझा अंदाज असा की, ते पोहोचले तेव्हा निर्णयाचा मोठा भाग होऊन गेला होता. मसुदा लोकांसमोर येतो त्याआधी समित्या बसलेल्या असतात, पर्याय बाजूला पडलेले असतात, आणि हरकतींची मुदत म्हणजे पुष्कळदा वरातीमागून घोडे असते. उद्योगाचे प्रतिनिधी मसुदा लिहिण्याआधीपासून त्या खोलीत असतात. त्यांचा सगळा प्रभाव पैशातूनच येतो असे समजणाऱ्यांना मी नेहमी विचारते की, त्या खोलीत दुसरे कोण होते? उत्तर बहुधा ‘कोणीच नाही’ असे असते. तेव्हा गटाने स्वतःला पहिला प्रश्न हा विचारावा: पुढचा निर्णय कोणता, तो कोणत्या टेबलावर होणार आणि कधी? ‘तेल उद्योगाविरुद्ध लढा’ या शीर्षकाखाली कामाचे नियोजन करता येत नाही. ‘अमुक क्षेत्राच्या परवान्याची फाइल, अमुक समिती, अमुक महिना’ असे लिहिले की करता येते.

हातातल्या कागदाचे काय करायचे तेही सांगते. एका तक्त्यात तीन रकाने आखा. पहिल्यात मूळ मसुद्याचे कलम, दुसऱ्यात संघटनेच्या निवेदनातील मजकूर, तिसऱ्यात अंतिम धोरणाचे कलम, सगळे अक्षरशः उतरवून, पान क्रमांकासह. स्वतःचे मत त्यात एका शब्दानेही मिसळू नका. तक्ता जितका कोरडा, तितका तो नाकारणे अवघड. जेथे योगायोग असू शकतो ती ओळ काढून टाका, कारण दहापैकी एक ओळ कच्ची निघाली तर उरलेल्या नऊ ओळींना केराची टोपली दाखवायला निमित्त मिळते. हा तक्ता मोर्चात फडकवण्याची घाई करू नये. आधी तो ऊर्जाविषयक संसदीय किंवा विधिमंडळ समितीच्या सदस्यांना, त्यांतही विरोधी बाकांवरच्यांना, एकेकट्याने भेटून द्यावा, कारण त्यांना सभागृहात प्रश्न विचारता येतो आणि खात्याला त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते. त्यानंतर कायदे-धोरणे नियमितपणे वाचणाऱ्या एखाद्या पत्रकाराला द्यावा. सर्वांना एकदम पाठवलेला मेल कोणाचाच नसतो.

सोबत माहिती मागा. माहितीचा हक्क देणारा कायदा आज शंभराहून अधिक देशांत आहे, पण ‘तेल कंपन्यांशी झालेल्या व्यवहाराची सर्व माहिती द्या’ असा अर्ज केला तर नकार ठरलेला. त्याऐवजी मसुदा खुला झाल्याच्या तारखेपासून धोरण जाहीर झाल्याच्या तारखेपर्यंत अमुक विभागाच्या अधिकाऱ्यांच्या अमुक संघटनेशी झालेल्या बैठकांच्या तारखा, उपस्थितांची पदे, इतिवृत्ते आणि प्राप्त निवेदनांच्या प्रती मागाव्यात. बैठकीचे इतिवृत्त लिहिलेच नाही असे उत्तर आले, तर तेही उत्तर जपून ठेवण्यासारखे असते. नकार आल्यास अपील करावे आणि मुदती काटेकोरपणे पाळाव्यात. कंटाळवाण्या वाटणाऱ्या या मार्गाचे फळ किती अनपेक्षित असू शकते, याचे एक उदाहरण मला फार आवडते. लंडनच्या टेट या कलासंस्थेला बीपी ही तेल कंपनी वर्षानुवर्षे प्रायोजकत्व देत होती आणि कलावंत-कार्यकर्त्यांचा एक छोटा गट २०१० पासून त्याविरुद्ध संग्रहालयातच कलात्मक निदर्शने करत होता. रक्कम किती, हे संस्था सांगायला तयार नव्हती. माहिती अधिकाराच्या लढाईत न्यायाधिकरणाचा आदेश आला आणि २०१५ च्या सुरुवातीला आकडे बाहेर पडले: १९९० ते २००६ या सतरा वर्षांत मिळून सुमारे ३८ लाख पौंड, म्हणजे वर्षाला सरासरी सव्वादोन लाखांच्या आसपास. एवढ्या मोठ्या संस्थेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम किरकोळ होती. ‘तेलाच्या पैशाशिवाय कला जगणार नाही’ हा युक्तिवाद त्या दिवशी खिळखिळा झाला, आणि २०१७ मध्ये ते प्रायोजकत्व संपले. तुमच्या बाबतीतही, उद्योगाच्या ज्या मदतीचा, महसुलाचा किंवा रोजगाराचा दाखला दिला जातो, त्याचा खरा आकडा मागून पाहा. कधी तो मोठा निघेल. मग निदान आपण काय बोलतो आहोत हे कळेल.

धोरणाच्या पातळीवर दार बंद वाटले तर एकेका प्रकल्पाच्या पातळीवर उतरावे, असे मी आवर्जून सुचवते. इंग्लंडच्या सरे परगण्यात हॉर्ली गावाजवळ हॉर्स हिल नावाची तेलविहिरींची जागा आहे. तेथील उत्खनन वाढवून आणखी विहिरी खणायला आणि वीस वर्षे तेल काढायला स्थानिक काउंटी कौन्सिलने २०१९ मध्ये परवानगी दिली. त्या परिसरातील सारा फिंच यांनी स्थानिक गटाच्या वतीने एक मुद्दा धरला, आणि तो एवढा साधा आहे की इतकी वर्षे तो कोणी धसाला का लावला नाही याचे नवल वाटावे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनात फक्त विहिरीच्या आवारात होणारे उत्सर्जन मोजले होते, म्हणजे यंत्रांचा धूर वगैरे, दीड लाख टनांच्या आत. काढलेले तेल पुढे जळणार आणि त्यातून सुमारे एक कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणार, याचा हिशेब कोठेच नव्हता. तेल जाळण्यासाठीच काढतात, हे न्यायालयाला पटवून द्यावे लागले. उच्च न्यायालयात २०२० मध्ये त्या हरल्या, अपील न्यायालयात २०२२ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी हरल्या, आणि २० जून २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी जिंकल्या. जानेवारी २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयाने याच निकालाच्या आधारे उत्तर समुद्रातील रोझबँक आणि जॅकडॉ या कितीतरी मोठ्या तेल-वायू क्षेत्रांच्या परवानग्या बेकायदा ठरवल्या. कंपन्यांना नव्याने अर्ज करण्याची मुभा राहिली, त्यामुळे तेल कायमचे जमिनीतच राहिले असे म्हणता येणार नाही. परंतु जो आकडा वगळता येत होता, तो आता मांडावा लागतो.

या प्रकरणातून न्यायालयात जाण्याचा धडा घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फिंच यांच्या बाजूने हरकत परवानगीच्या टप्प्यावरच नोंदलेली होती. तेव्हा कोणी काही लिहून दिले नसते, तर पुढे न्यायालयात उभे राहणे अवघड गेले असते. ज्या निवेदनाला तुम्ही वाया गेलेले समजता, त्याची तारीख-शिक्क्यासह पोच हीच उद्या वकिलाच्या हातातली पहिली वस्तू असेल. खर्चाची भीती खरी आहे. युरोपातील आणि आसपासच्या ज्या देशांनी १९९८ चा आर्हुस करार मान्य केला आहे, तेथे पर्यावरणाच्या दाव्यांचा खर्च नागरिकांना परवडेनासा असू नये असे बंधन आहे, आणि लॅटिन अमेरिका व कॅरिबियनसाठी २०२१ मध्ये लागू झालेला एस्काझू करारही न्यायाची दारे उघडी ठेवण्याची हमी देतो. तुमच्या देशात काय सोय आहे, हे पर्यावरण कायद्याचे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारून घ्यावे. गटातल्या कोणी वाचून सांगितलेल्या ऐकीव माहितीवर दावा उभा करू नये.

वेळ किती लागेल याचाही अंदाज असू द्या. इक्वेडोरमध्ये यासुनी राष्ट्रीय उद्यानाखालील तेल काढू नये म्हणून ‘यासुनिडोस’ या तरुणांच्या गटाने २०१४ मध्ये सात लाखांहून अधिक सह्या सादर केल्या. निवडणूक यंत्रणेने निम्म्याहून जास्त सह्या तांत्रिक कारणे दाखवून बाद केल्या. गटाने तो निर्णय सोडला नाही, सह्यांच्या फेरतपासणीसाठी आणि न्यायालयात ते झगडत राहिले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये अखेर देशव्यापी सार्वमत झाले. सुमारे ५९ टक्के मतदारांनी तेल जमिनीतच ठेवण्याच्या बाजूने कौल दिला, तोही तेलाच्या उत्पन्नावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या देशात. विहिरी बंद करण्याचे काम त्यानंतरही रेंगाळलेलेच आहे. निकाल लागला म्हणजे काम संपले, असे या क्षेत्रात कधीच होत नाही.

रस्ता अडवण्याचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तुमच्या गटात तो आधी आला आणि म्हणून भांडण झाले. तरुणांचे म्हणणे मला चूक वाटत नाही. सविनय कायदेभंगाने अनेकदा बंद दारे उघडली आहेत, आणि ज्यांनी सर्व रीतसर मार्ग चोखाळले त्यांनी तो मार्ग धरला तर त्यांना उतावीळ म्हणता येणार नाही. परंतु अडवायचे काय आणि मागायचे काय, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा लागतो. नेदरलँड्समध्ये ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ या हवामान चळवळीच्या लोकांनी हेगमधला ए-१२ हा रस्ता अडवला, तो संसद आणि अर्थव्यवहार खात्याच्या इमारतीजवळून जातो. मागणी एकच होती: खनिज इंधनांना मिळणाऱ्या सवलती बंद करा. ९ सप्टेंबर २०२३ पासून ते रोज तेथे बसू लागले, पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, हजारोंना ताब्यात घेतले. दरम्यान सरकारलाच या सवलतींचा हिशेब मांडावा लागला आणि तो वर्षाला सुमारे ४० ते ४६ अब्ज युरोंच्या घरात निघाला. १० ऑक्टोबरला सवलती टप्प्याटप्प्याने संपवण्याचे पर्याय मांडा, असा ठराव संसदेने केला, तेव्हा आंदोलकांनी रस्ता मोकळा केला. जागा आणि मागणी या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून ठरलेल्या होत्या, हे मला त्यातले शिकण्यासारखे वाटते.

याच्या उलट बाजूही पाहा. ब्रिटनमध्ये ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या आंदोलक गटाने २०२२ मध्ये लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावर केलेल्या आंदोलनाचा कट आखल्याबद्दल पाच जणांना जुलै २०२४ मध्ये चार ते पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली, अपिलात ती थोडी कमी झाली. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात एका ऑनलाइन बैठकीतील संभाषण होते. महामार्गावर खोळंबलेल्या माणसाचा तेलाच्या परवान्याशी थेट संबंध नव्हता, आणि त्याच्या रागाचा उपयोग कठोर कायद्यांच्या समर्थनासाठी केला गेला. तरीही त्यांची मूळ मागणी, म्हणजे नवे तेल-वायू परवाने देऊ नयेत, पुढे सत्तेवर आलेल्या पक्षाच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात होती. श्रेय कोणाचे किती, यावर तेथे अजून वाद चालतात आणि त्यात मी पडत नाही. तुमच्या गटापुरते एवढे म्हणेन की, अटक पत्करणाऱ्यांनी स्वतःच्या नावाने, वकिलाशी आधी बोलून, लेखी निर्णय द्यावा. ज्यांची नोकरी, परदेशातील वास्तव्याचा परवाना किंवा लहान मुले यांमुळे ते शक्य नाही, त्यांच्यावर भित्रेपणाचा शिक्का मारू नये. आणि गटाच्या नावावर चालणारी कागदोपत्री कामे या आंदोलनापासून वेगळ्या लोकांच्या हाती ठेवावीत, म्हणजे एका खटल्यात सगळेच अडकणार नाहीत. कंपन्यांच्या दिवाणी दाव्यांचे भान तर ठेवावेच लागेल. अमेरिकेतील डकोटा ॲक्सेस या तेलाच्या पाइपलाइनविरोधी आंदोलनावरून मार्च २०२५ मध्ये नॉर्थ डकोटा राज्यातील ज्युरीने ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या संस्थांवर ६६ कोटी डॉलरांहून अधिक भरपाई बसवली, ती नंतर न्यायाधीशांनी जवळपास निम्म्यावर आणली. एवढ्या मोठ्या संस्थेच्या नाकी नऊ आणणारा हा प्रकार लहान गटाला उठू देणार नाही. म्हणून समाजमाध्यमांवर कंपनीविषयी लिहिताना जे कागदाने सिद्ध करता येते तेवढेच लिहावे.

भावोजींविषयी. ‘तुम्हीही पेट्रोलच जाळता’ हा टोमणा जुना आहे आणि तो निम्मा उद्योगानेच शिकवलेला आहे. प्रत्येकाने स्वतःचा ‘कार्बन फूटप्रिंट’ मोजावा ही कल्पना घराघरांत पोहोचवण्यात या शतकाच्या पहिल्या दशकातील बीपीच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता. ज्याला दुसरा पर्याय उपलब्ध नाही त्याने पेट्रोल जाळले म्हणून परवान्याच्या धोरणावर बोलण्याचा त्याचा हक्क जात नाही. उलट पर्याय का उपलब्ध नाही, हाच धोरणाचा प्रश्न आहे. हे उत्तर सर्वांदेखत न देता, एकदा दोघे असताना शांतपणे द्यावे, कारण बैठकीत ते हरले तर नात्याला गाठ बसेल आणि जिंकले तरी तेच.

पण मला वाटते, त्यांच्या बोलण्याच्या तळाशी वेगळीच भीती असावी. कारखाना बंद पडला तर पंचावन्नाव्या वर्षी कोण नोकरी देणार, हे ते विचारत नाहीत म्हणून पेट्रोलवर बोलतात. (वय मी गृहीत धरते आहे, भीती मात्र कोणत्याही वयात असते.) त्यांना तुमच्या गटाचे उत्तर काय आहे? नसेल तर ते शोधावे लागेल. फ्रान्समधील ग्रांपुई येथील शुद्धीकरण कारखान्याचे रूपांतर करण्याची घोषणा टोटल कंपनीने २०२० मध्ये केली, तेव्हा तेथील कामगार संघटना आणि पर्यावरण संघटना एकत्र आल्या आणि कंपनीची ‘हरित’ योजना नोकऱ्या व हवामान या दोन्ही कसोट्यांवर त्यांनी मिळून तपासली. अशी युती सोपी नसते आणि फार टिकतेच असेही नाही. तरी कारखान्यात काम करणाऱ्याला गळती कोठे होते, वायू कधी जाळला जातो, सुरक्षिततेवरचा खर्च कोठे कापला जातो, हे जेवढे कळते तेवढे तुमच्या गटातल्या कोणालाही कळणार नाही. भावोजींकडून गुपिते काढून घ्या असे मी सुचवत नाही. त्यांची नोकरी धोक्यात येईल असे काहीही त्यांच्याकडे मागू नये. धोरणात कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणाची आणि निवृत्तिवेतनाची कोणती हमी असायला हवी, हे मात्र त्यांना जरूर विचारा आणि ते कलम तुमच्या पुढच्या निवेदनात घाला.

एक मोठी मागणी तुमच्यासारख्या सर्वच गटांनी आपल्या यादीत ठेवावी, असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातील कलम ५.३ नुसार, आरोग्यविषयक धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून सुरक्षित ठेवण्याचे बंधन सरकारांवर आहे, आणि हा करार २००५ पासून लागू आहे. हवामान करारांत तसे कलम नाही. ते येईल तेव्हा येवो; तोवर बैठकांची नोंदवही जाहीर करणे, सल्लागार समित्यांवरील सदस्यांनी हितसंबंध घोषित करणे आणि निवृत्तीनंतर लगेच उद्योगात जाण्यावर ठरावीक काळाची बंदी घालणे, एवढे तर कोणत्याही देशात आजच्या कायद्यातही मागता येते. अशा मागण्यांवर तेलाविषयी तुमच्याशी सहमत नसलेली माणसेही सह्या करतात.

राहिला गट सोडण्याचा प्रश्न. थकला असाल तर काही महिने बाजूला व्हा, त्यात पळपुटेपणा नाही. यासुनीसारख्या दशकभराच्या लढ्यात तेच ते लोक पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तितक्याच जोमाने राबले असतील, असे मानायचे कारण नाही. पण मेलखात्याचा पासवर्ड, पोचपावत्या आणि तीन रकान्यांचा तो तक्ता तुमच्याचकडे राहिला तर गट पुन्हा शून्यावर येईल. ते सगळे दोन सदस्यांच्या स्वाधीन करा, शक्य झाल्यास एक तरुण आणि एक ज्येष्ठ. आणि नव्या धोरणाखालच्या परवान्यांची पहिली फेरी कोणत्या महिन्यात जाहीर होणार आहे, तिच्यासाठी पर्यावरणीय मूल्यांकनाची व्याप्ती कोण ठरवणार आहे, हे खात्याला लेखी विचारून ठेवा. त्या पत्राची पोचही त्याच फाइलमध्ये लावा.